डग्गा उजवीकडे

चार्ली चॅप्लिन डावखुरा होता, हे मला सांगितलं एका निवृत्त सिनेमा ऑपरेटरनं.

कोल्हापुरात रंकाळ्याची फेरी झाली की आमचा घोळका गंगावेशीत दुधाला थांबतो. म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, समोर धार काढून पेला हातात मिळतो, वर बोटभर फेस. घोळक्यात तबल्याचे एक सर आहेत, पन्नासेक वर्षं शिकवण्यात घालवलेली. शेजारच्या वहिनी आहेत, त्यांना जुनी गाणी अंतऱ्यासकट पाठ. आणि ऑपरेटरमामा. त्यांची उमेदीची वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये, प्रोजेक्टरच्या दिव्याच्या कार्बनच्या कांड्या बदलण्यात आणि रिळं चढवण्यात गेली. विषय कुठून निघेल आणि कुठं जाईल याला धरबंध नसतो. त्या दिवशी वहिनी अमिताभवरून सुरू झाल्या. तो डाव्या हाताचा. मग सचिन: बॅटिंग उजवी, पण सही करतो डाव्या हातानं. सौरव गांगुलीचं नेमकं याच्या उलट. तेवढ्यात मामा म्हणाले, "आणि चॅप्लिन? त्यो बी डावराच की."

मग त्यांनी किस्सा सांगितला. एका फिल्म सोसायटीचा खेळ होता. पडद्यावर चॅप्लिननं व्हायोलिन उचललं आणि खालून एक गृहस्थ जिना चढून केबिनमध्ये आले. "म्हणले, मामा, रीळ उलटं लावलंयसा. गज डाव्या हातात दिसाय लागलाय. मी म्हटलं, साहेब, फिल्मला दोन्ही कडंला भोकं असत्यात, उलटी बसंल म्हणा. पण आवाजाची पट्टी एकाच कडंला असत्या. उलटी बसली की आवाज गेला. आणि पाट्या? आरशात दिसल्यागत दिसतील त्या. तेबी सोडा, त्याच्या कोटाकडं बघा. डावी बाजू वर हाय का न्हाई? रीळ सरळ हाय. माणूस डावरा हाय."

घरी येऊन मी तो सिनेमा लावला. 'लाइमलाइट', १९५२ सालचा. चॅप्लिन तेव्हा ६३ वर्षांचा होता. त्यात एका म्हाताऱ्या विनोदवीराचा शेवटचा खेळ आहे. व्हायोलिन चॅप्लिनकडे, पियानोवर मूकपटांचा दुसरा विनोदवीर बस्टर कीटन. कीटनचे नोटेशनचे कागद सारखे घसरतात, चॅप्लिनचा एक पाय विजारीतल्या विजारीत आखूड होतो, पियानोच्या तारा तुटून बाहेर येतात, कीटनचा पाय व्हायोलिनमध्ये जातो. सगळा गोंधळ झाल्यावर दुसरं व्हायोलिन निघतं आणि तो वाजवायला लागतो. व्हायोलिन उजव्या खांद्यावर, गज डाव्या हातात. मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला. लहानपणापासून चॅप्लिन बघत आले, पण मी स्वतः डावखुरी असूनही हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. बहुधा म्हणूनच भरलं नसेल. मला ते चुकीचं दिसलंच नाही.

चॅप्लिननं आत्मचरित्रात या व्हायोलिनबद्दल लिहिलंय. सोळाव्या वर्षापासून तो खोलीत बसून दिवसाला चार ते सहा तास रियाझ करायचा. नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरताना त्या त्या थिएटरच्या वाद्यवृंदाच्या संचालकाकडून धडे घ्यायचा. बरोबर व्हायोलिन असायचं आणि चेलोही. मैफिलीत वाजवणारा कलावंत व्हायचं त्याच्या मनात होतं. आपण त्या उंचीला पोचणार नाही हे कळल्यावर त्यानं तो नाद सोडला. याच ओघात तो एक गोष्ट सांगून जातो: व्हायोलिन डाव्या हाताचं करून घेतलं होतं, तारा उलट्या आणि आतली बास बार व साउंड पोस्टही उलटी.

हे मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर ते पेला हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांचा एक भाऊ व्हायोलिन वाजवायचा, त्यामुळे वाद्याचं पोट त्यांना ठाऊक. व्हायोलिनच्या आत जाड तारेच्या बाजूला एक लांब पट्टी चिकटवलेली असते, ती बास बार. बारीक तारेच्या बाजूला, घोडीच्या पायाच्या जवळ, एक बारीक दांडी वरच्या आणि खालच्या फळीच्या मधे उभी असते, ती साउंड पोस्ट. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी आतून ते वाद्य एकांगी असतं. नुसत्या तारांची अदलाबदल केली तर वाजेल, पण बोलणार नाही. ती पट्टी हलवायची तर वरची फळी खोलावी लागते. सर म्हणाले, "म्हणजे त्या पोरानं वाद्य पोटातून उलटं करून घेतलं. खिशात दमड्या नसतील त्या वयात." गरिबीतून वर आलेला मुलगा. आई आजारी, बाप दारूनं गेलेला, स्वतः अनाथ मुलांच्या शाळेत दिवस काढलेले. तो आपला हात बदलत नाही, वाद्य बदलून घेतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

कारण आमच्याकडे नेमकं उलटं चालू होतं.

भाचीचा मुलगा सात वर्षांचा आहे. घरात कुकरच्या झाकणापासून बिस्किटांच्या डब्यापर्यंत काहीही वाजवतो, आणि लयीत वाजवतो. म्हणून त्याला तबल्याच्या क्लासला घातलं. तबला उजव्या हाताला आणि डग्गा डाव्या हाताला, ही नेहमीची मांडणी. पहिल्याच दिवशी त्यानं समोरची जोडी बघितली, तबला डावीकडे ओढला आणि डग्गा उजवीकडे सरकवला. कुणी शिकवलं नव्हतं. क्लासमधे ते पुन्हा होतं तसं लावून दिलं आणि सांगितलं की असंच वाजवायचं, सवय होते. सवय काही झाली नाही. 'ना' हा बोल वाजेना, कारण चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, सुटणारी तर्जनी उजव्या हाताची होती आणि ती त्याच्या मनाच्या मागून चालत होती. पोरगं क्लासच्या वेळेला पोट दुखतंय म्हणायला लागलं. घरी मात्र त्याच डब्यावर डाव्या हातानं तिरकिट काढायचं.

मी हे कट्ट्यावर बोलले तेव्हा वाटलं होतं, सर क्लासची बाजू घेतील. जुन्या वळणाचे आहेत. त्यांनी विचारलं, "डब्यावर बोटं कुठली आधी पडतात?" मी सांगितलं, डावी. "मग झालं. जो हात आधी धावतो तो चाटेवर. डग्ग्याला मनगटाचं वजन लागतं, घुमारा लागतो, तो दुसरा हात शिकतो सावकाश. तबला उलटा मांडायला काय लागतं? दोन चुंबळी इकडच्या तिकडं." मग म्हणाले, असा विद्यार्थी समोर बसला की उलट सोपंच जातं. उजव्या हाताचा शिष्य गुरूच्या समोर बसतो तेव्हा गुरूचा उजवा हात त्याला डावीकडे दिसतो आणि मनातल्या मनात फिरवून घ्यावा लागतो. डावखुऱ्याला तसं करावं लागत नाही. समोर आरसा असावा तसं सरळ दिसतं.

खरी अडचण वाद्यात नसते, ती बैठकीत असते, असं सरांचं म्हणणं. आपल्या मैफिलीत तबलजी गायकाच्या उजव्या हाताला बसतो, पेटीवाला डाव्या हाताला. तबलजी गायकाकडे थोडा वळून बसला की तबला श्रोत्यांच्या बाजूला येतो. डावखुरा तबलजी त्याच जागी बसला तर श्रोत्यांकडे डग्गा येणार. म्हणजे त्याला पलीकडे बसवायला पाहिजे आणि पेटीवाल्यानं उठून इकडे यायला पाहिजे. उठायला दोन मिनिटं लागतात. पण माणसं उठत नाहीत.

दक्षिणेत यावरून मोठंच झालं होतं. पळनी सुब्रमणिय पिळ्ळै हे मृदंगाचे फार मोठे कलावंत, आणि डावखुरे. कर्नाटक संगीतातही मृदंग गायकाच्या उजवीकडे आणि व्हायोलिन डावीकडे अशी रीत. पिळ्ळै साथीला असले की व्हायोलिनवाल्यांना जागा बदलावी लागे आणि ते बऱ्याच जणांना मान्य नसे. एवढ्याशा कारणावरून एवढ्या माणसाच्या मैफिली अडायच्या. गायक चेंबई वैद्यनाथ भागवतर त्यांच्या पाठीशी उभे राहिले, त्यांना आग्रहानं साथीला घेत राहिले. पिळ्ळैंचं नाव पुढे त्या पिढीच्या पहिल्या दोन-तीन मृदंगवाद्यांत घेतलं गेलं. मला हा प्रसंग ऐकताना चेंबईंबद्दल जास्त वाटलं. हात सगळ्यांनाच दिसत होता, त्यांनी जागा करून दिली.

वहिनींनी मधेच विचारलं, "पण हरिप्रसाद चौरसियांचं काय? ते तर उलटे आले ना?" त्यांचा किस्सा वेगळाच आहे. अन्नपूर्णा देवींकडे ते शिकायला गेले तेव्हा आकाशवाणीवर वाजवणारे, नाव झालेले बासरीवादक होते. आधीचं सगळं विसरून पहिल्यापासून शिकायची तयारी आहे हे पटवून देण्यासाठी त्यांनी उजवीकडची बासरी डावीकडे घेतली, असं सांगितलं जातं. आजही त्यांची बासरी डावीकडेच असते. हे ऐकल्यावर मामा म्हणाले, "मग हात बदलता येतोय की." येतो. पण तो त्यांनी स्वतः बदलला, मोठेपणी, कशासाठी ते ठाऊक असताना. सात वर्षांच्या पोराच्या पोटात गोळा आणून बदललेला नव्हता तो. मला यात दुमत होण्यासारखं काही दिसत नाही.

बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार हाही डावखुरा. लहानपणी आजीनं त्याला उजव्या हातानं लिहायला लावलं, हे तो स्वतःच सांगतो. ड्रम तो उजव्यांच्या मांडणीतलेच वाजवत आला, पण एका ड्रमवरून दुसऱ्यावर जाताना पुढे निघतो तो डावा हात. त्यामुळे ठेक्याच्या मधल्या त्याच्या भरीच्या जागा इतरांसारख्या पडत नाहीत, किंचित अडून, वेगळ्या वळणानं येतात आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात. त्याच बँडमधला पॉल मॅकार्टनी मात्र बास गिटार सरळ डाव्या हाताची घेऊन उभा. एकाच बँडमधे दोन्ही तऱ्हा नांदल्या आणि दोन्हीतून गाणं झालं. आजीनं लिहिण्यापुरता हात बदलला, वाजवताना तो आपल्या वाटेनं गेला.

माझं स्वतःचं सांगायचं तर मला घरात कुणी फार अडवलं नाही. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा, वाढताना उजवा हात पुढे करायचा, एवढं सांभाळलं की बाकी मोकळीक होती. त्रास झाला तो वस्तूंचा. शाईच्या पेननं देवनागरी लिहायची तर हात डावीकडून उजवीकडे ओल्या अक्षरांवरूनच जाणार. वहीभर निळे ढग आणि करंगळीपासून मनगटापर्यंतची कड कायम निळी. शिरोरेघ तर सगळ्यात अवघड. उजव्या हाताचा माणूस निब ओढत नेतो, डाव्याला ती ढकलावी लागते, आणि ढकललेली निब कागदात रुतते. मी आधी सगळ्या रेघा मारून घ्यायची आणि मग खाली अक्षरं टांगायची. बाईंनी कधी विचारलं नाही, गुणही कापले नाहीत, याबद्दल मला अजून त्यांचे उपकार वाटतात. कात्रीचं तेच. दोन पाती अशी बसवलेली की उजव्या अंगठ्याच्या दाबानं ती एकमेकांना भिडतात, डाव्याच्या दाबानं फाकतात, आणि कापड कापायच्या ऐवजी मधे दुमडतं. चहाच्या पातेल्याची चोच दांड्याच्या अशा बाजूला असते की डाव्या हातानं ओतलं तर चहा चोचीच्या विरुद्ध कडेवरून सांडतो. जगात साधारण दहात एक माणूस डाव्या हाताचा असतो. म्हणजे शाळेच्या प्रत्येक वर्गात चार-पाच मुलं या भांडणात असणारच.

आणि इथेच मला चॅप्लिन पुन्हा आठवतो. त्याचा विनोद बघा, तो माणसांशी कमी आणि वस्तूंशी जास्त भांडतो. जिना, फिरतं दार, पलंग, खुर्ची, 'मॉडर्न टाइम्स'मधलं ते जेवू घालणारं यंत्र. वस्तू दुसऱ्याच कुणासाठी बनवलेली आहे आणि हा तिच्याशी जमवून घेऊ पाहतोय, पण नम्रपणे, टोपी सावरत. याचा उगम त्याच्या डाव्या हातात आहे असं मी म्हणणार नाही, तसा दावा करायला माझ्याकडे आधार नाही. पण डावखुऱ्या मुलाला चॅप्लिन बघून जे हसू येतं ते ओळखीचं असतं. माझं तसं होतं.

गांधीजींचं इथे राहवत नाही म्हणून सांगते. १९०९ साली 'किल्डोनन कॅसल' बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिलं. उजवा हात थकला तेव्हा डाव्यानं लिहीत राहिले, हस्तलिखिताची ४० पानं डाव्या हाताची आहेत. सप्टेंबर १९३१ मधे लंडनच्या पूर्व भागात त्यांची आणि चॅप्लिनची भेट झाली आणि बोलणं यंत्रांवर झालं. 'मॉडर्न टाइम्स' १९३६ सालचा. त्या खोलीत कुणी हातांचा विषय काढला असता तर!

पण मामांच्या मते चॅप्लिनचं खरं मोठेपण संगीतात आहे आणि त्यांचं मला पूर्ण पटतं. 'सिटी लाइट्स' १९३१ साली आला तेव्हा बोलपट येऊन बसले होते. यानं सिनेमा मूकच ठेवला आणि संगीत स्वतः बांधलं. नोटेशन लिहिता येत नव्हतं. गुणगुणायचा, पियानोवर किंवा व्हायोलिनवर ओळ वाजवून दाखवायचा, आणि शेजारी बसलेला जाणकार ती उतरवून घ्यायचा. वाद्यमेळ लावणाऱ्यांना वाटायचं, विनोदी सिनेमा आहे तर संगीतही विनोदी पाहिजे. चॅप्लिनला ते नको होतं. पडद्यावर फाटका माणूस धडपडतोय आणि मागे डौलदार, हळवं संगीत चाललंय, असं त्याला हवं होतं. संगीतानं विनोदाशी स्पर्धा करू नये, त्याला खोली द्यावी. 'मॉडर्न टाइम्स'च्या शेवटाला जी सुरावट आहे तिच्यावर १९५४ साली शब्द चढवले गेले आणि नॅट किंग कोलनं ती गायली. 'लाइमलाइट'च्या संगीताला तर १९७३ मधे ऑस्कर मिळालं, वीस वर्षांनी, कारण लॉस एंजेलिसमधे तो सिनेमा १९७२ पर्यंत लागलाच नव्हता.

मामा म्हणाले, "रीळ चढवून पोटभर हसायचं आणि गाणं लागलं की गप व्हायचं. असे पिक्चर कमी." वहिनींनी लगेच नाव घेतलं: 'गुळाचा गणपती'. १९५३. कथा, संवाद, दिग्दर्शन, संगीत, मुख्य भूमिका, सगळं पुलंचं. एका भोळ्या, स्वप्नाळू माणसाचा हसवणारा सिनेमा, आणि त्यात 'इंद्रायणी काठी'. शब्द गदिमांचे, गळा भीमसेनजींचा. आज ते गाणं आषाढीला गावोगाव वाजतं आणि ते एका विनोदी सिनेमातलं आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पुलं उत्तम पेटी वाजवायचे, त्यांना सुराचं वजन कळत होतं. विनोदी सिनेमात हलकंफुलकं गाणं टाकून मोकळं होणं सोपं होतं, त्यांनी अभंगाच्या वळणाचं गाणं ठेवलं आणि सिनेमाला ते पेललं. चॅप्लिन ज्यासाठी वाद्यमेळवाल्यांशी हुज्जत घालत होता तीच ही जाण. वहिनींनी तिथंच, म्हशींच्या शेजारी, मुखडा धरला. सरांनी पेल्यावर बोटं ठेवली. दूधवाला हिशोब थांबवून ऐकत होता.

आता भाचीचं पोरगं सरांकडेच जातं. तबला डावीकडे, डग्गा उजवीकडे. 'ना' पहिल्या आठवड्यात सुटा आला, डग्ग्यावरची उजवी मूठ अजून दगडासारखी पडते, पण सर म्हणतात घाई नाही. तीनतालाचा ठेका हातावर टाळी देत पाठ झालाय. गणपतीत गल्लीच्या कार्यक्रमाला दोन भजनांना त्याला बसवायचं ठरतंय, आणि पेटीवाल्या काकांना सरांनी आधीच सांगून ठेवलंय की तुम्ही या वेळी पलीकडे बसायचं. काका म्हणाले, "बसतो की, त्यात काय."

एकच गोष्ट अजून मिटलेली नाही. रविवारी पोरांना आमच्या भिंतीवर चॅप्लिन दाखवायचाय. मामा म्हणतात, 'द किड'नं सुरुवात करा, त्यात पोरगं आहे, पोरांना लगेच कळतं. मी म्हणते 'द ग्रेट डिक्टेटर'मधली हजामत आधी दाखवू, ब्राह्म्सच्या 'हंगेरियन डान्स'वर वस्तरा चालतो ती. तबला शिकणाऱ्या मुलानं समेवर वस्तरा कसा येतो ते बघायला पाहिजे. सर माझ्या बाजूनं आहेत. वहिनी मामांच्या.